प्रॉक्सी हिरवी, टार्गेट बंद: एका संध्याकाळच्या दूध संकलनाची केस

संध्याकाळी सहाला पाच कमी असताना पहिला फोन आला. कोल्हापूरकडच्या एका गावातल्या दूध संस्थेचे सचिव, आवाज शांत पण मागे गलका ऐकू येत होता. "साहेब, पावती निघंना झालीया. माणसं कॅन घेऊन उभी हाईत, काय करायचं सांगा."

ज्यांनी डेअरीवर दूध घातलंय किंवा घालताना बघितलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. शेतकरी दूध घेऊन येतो, काट्यावर वजन होतं, छोटं सॅम्पल मशीनमध्ये जातं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) निघतं, दरपत्रकावरून लिटरचा दर ठरतो आणि हातात पावती पडते. ती पावती म्हणजेच त्याचा पैसा, दहा दिवसांनी बिल निघतं ते त्याच आकड्यांवर. आमचं सॉफ्टवेअर ह्या साखळीत मधे बसलेलं आहे. केंद्रावरचं अ‍ॅप वजन-फॅट पाठवतं, आमच्याकडे लॅम्डा फंक्शन (मागणी आली की अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर उभा राहणारा छोटा प्रोग्राम) ते घेतं, डेटाबेसमधून त्या संस्थेचं दरपत्रक काढतं, हिशोब करून परत पाठवतं. सकाळी आणि संध्याकाळी मिळून रोज चारेक तासांचं काम, पण त्या चार तासांत थांबून चालत नाही कारण दूध थांबत नाही.

डेटाबेस ऑरोरा पोस्टग्रेस, अ‍ॅमेझॉनच्या मुंबई रीजनमध्ये. लॅम्डा आणि डेटाबेसच्या मधे आरडीएस प्रॉक्सी, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या डेटाबेस सेवेतला मध्यस्थ. ही प्रॉक्सी का लावली होती ते आधी सांगतो, पुढे त्याचाच प्रश्न येणार आहे. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस लागते, आणि लॅम्डाचा स्वभाव असा की गर्दी झाली की एकाच वेळी शेकडो कॉपी उभ्या राहतात आणि प्रत्येक कॉपी आपलं वेगळं कनेक्शन मागते. एका अकाउंटला एका रीजनमध्ये साधारण १००० कॉपींची डिफॉल्ट मर्यादा असते. आमचा डेटाबेस ४ जीबी मेमरीचा, अ‍ॅमेझॉनच्या फॉर्म्युल्याने त्याची कनेक्शनची मर्यादा साडेचारशेच्याही आत येते. संध्याकाळी सहाला सगळी केंद्रं एकदम सुरू झाली की काय होईल ते ह्या दोन आकड्यांवरूनच कळतं. प्रॉक्सी मधे बसून मोजकीच कनेक्शन्स उघडी ठेवते आणि ती आळीपाळीने सगळ्यांना वापरायला देते. २०२० च्या जूनअखेर ही सेवा सगळ्यांसाठी खुली झाली, आम्ही नंतर कधीतरी घेतली आणि त्या दिवसापर्यंत तिच्याकडे वळून बघायची वेळ आली नव्हती.

तर फोनवर फोन सुरू झाले, आणि विचित्र भाग हा की सगळीच केंद्रं बंद नव्हती. काही ठिकाणी पावती निघत होती, काही ठिकाणी नाही, आणि एकाच केंद्रावर दोन पावत्या निघून तिसरी अडकत होती. आमच्या लॉगमध्ये एकच वाक्य, "डेटाबेस उपलब्ध नाही". हे वाक्य आम्हीच कधीतरी कोडमध्ये लिहिलेलं, खाली जो काही खरा एरर येईल तो गिळून हे छापायचं. नंतर सगळ्यात आधी तेच काढून टाकलं.

मी घरी होतो, पुण्यात. आमचा ज्युनिअर ऑफिसात होता, त्याने कॉलवर स्क्रीन दाखवली. ब्राउझरमध्ये डेटाबेस उपलब्ध, हिरवा. प्रॉक्सी उपलब्ध, हिरवी. आमच्या स्वतःच्या डॅशबोर्डवरही प्रॉक्सीपुढे हिरवा ठिपका. डेटाबेसचा सीपीयू पंधरा टक्क्यांच्या खाली, म्हणजे बिचारा जवळपास रिकामा बसलेला.

पहिल्या पाच मिनिटांत तीन उपाय पुढे आले. एक म्हणजे डेटाबेस रीबूट करू. दुसरा, प्रॉक्सी बाजूला ठेवून लॅम्डाला थेट डेटाबेसचा पत्ता देऊ, एक एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल बदललं की झालं. तिसरा, प्रॉक्सीवरून टार्गेट (म्हणजे तिच्या मागे जोडलेला डेटाबेस) काढून पुन्हा जोडू. तिन्ही उपाय सुचवणारी माणसं हुशार आहेत आणि घाईत आपल्याला काहीतरी *केल्याचं* समाधान लागतं हे मला पूर्ण समजतं. पण मी थांबवलं, आणि आज विचार केला तरी वाटतं की त्या संध्याकाळचा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय तोच होता. निम्म्या पावत्या निघत होत्या म्हणजे काही कनेक्शन्स जिवंत होती. रीबूट केला असता तर तीही मेली असती आणि उरलेली केंद्रंही बंद पडली असती. थेट पत्ता दिला असता तर वर सांगितलेले दोन आकडे एकमेकांवर आदळले असते. आणि टार्गेट काढून जोडणं म्हणजे काय बिघडलंय ते माहीत नसताना पाना फिरवणं.

"आधी टार्गेटला विचारू, कमांड लाइनवरून," मी म्हणालो. ज्युनिअर म्हणाला, "पण दादा, प्रॉक्सी तर अव्हेलेबल दाखवतेय ना?"

ह्या प्रश्नात सगळी केस आहे, म्हणून इथे जरा थांबतो. प्रॉक्सीची स्वतःची स्थिती आणि प्रॉक्सीच्या मागच्या टार्गेटची स्थिती ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन वेगळ्या कमांड्सनी विचाराव्या लागतात. डिस्क्राइब-डीबी-प्रॉक्सीज ही कमांड सांगते की प्रॉक्सी नावाची वस्तू तयार आहे का, चालू आहे का, तिच्यात बदल सुरू आहे का. डिस्क्राइब-डीबी-प्रॉक्सी-टार्गेट्स ही कमांड सांगते की त्या प्रॉक्सीला तिच्या मागचा डेटाबेस भेटतोय का. म्हणजे दुकान उघडं आहे पण आतल्या गोडाऊनची चावी सापडत नाहीये, असं असलं तरी बाहेरची पाटी 'उघडं आहे' असंच म्हणणार, आणि ती पाटी खोटं बोलत नाहीये. आमचा डॅशबोर्ड पहिल्या कमांडवर बांधलेला होता. आम्ही तीन वर्षं पाटी बघत होतो.

मी टर्मिनल उघडलं. कमांड साधी आहे, एडब्ल्यूएस, मग आरडीएस, मग डिस्क्राइब-डीबी-प्रॉक्सी-टार्गेट्स, आणि डीबी-प्रॉक्सी-नेम ह्या ऑप्शनपुढे प्रॉक्सीचं नाव. टार्गेट ग्रुपचंही नाव देता येतं पण प्रॉक्सीला एकच ग्रुप असतो आणि त्याचं नाव 'डिफॉल्ट', त्यामुळे नाही दिलं तरी चालतं. फिल्टर्स नावाचा ऑप्शन दिसतो, त्याच्या वाटेला जाऊ नका, ह्या कमांडसाठी तो चालत नाही. गाळायचं असेल तर आउटपुटवर क्वेरी ऑप्शन लावून गाळा.

एंटर दाबलं आणि उत्तर आलं, अशी प्रॉक्सीच सापडत नाही. डीबी प्रॉक्सी नॉट फाउंड. दोन सेकंद पोटात गोळा आला, कुणी डिलीट केली की काय. मग लक्षात आलं, माझ्या लॅपटॉपवरच्या प्रोफाइलला रीजन सिंगापूरचा लावलेला होता, आदल्या आठवड्यात दुसऱ्या कामासाठी बदलला होता आणि तसाच राहिला. रीजन मुंबई, म्हणजे एपी-साउथ-१, असं कमांडमध्येच स्पष्ट लिहून पुन्हा चालवली. तेव्हापासून आमच्या नोट्समधल्या प्रत्येक कमांडला रीजन आणि प्रोफाइल दोन्ही लिहूनच ठेवलेत, लॅपटॉपच्या सेटिंगवर विसंबून नाही. रात्री-अपरात्री ज्याला ही कमांड चालवायची आहे त्याला 'सापडत नाही' ह्या उत्तराने घाबरवणं बरं नाही.

आता खरं उत्तर आलं. तीन नोंदी होत्या. एका नोंदीचा टाइप 'ट्रॅक्ड क्लस्टर', ती फक्त एवढंच सांगते की प्रॉक्सी कुठल्या क्लस्टरवर, म्हणजे डेटाबेसच्या इन्स्टन्सच्या गटावर, नजर ठेवून आहे. उरलेल्या दोन नोंदींचा टाइप 'आरडीएस इन्स्टन्स', एक रायटर (लिहिणं-वाचणं दोन्ही करणारा) आणि एक रीडर (फक्त वाचणारा). खरी तब्येत ह्या दोघांच्या नोंदीत बघायची, टार्गेट हेल्थ नावाच्या कप्प्यात. त्या कप्प्यात तीन गोष्टी असतात: स्टेट, रीझन आणि डिस्क्रिप्शन. दोन्ही इन्स्टन्सपुढे सारखंच लिहिलेलं.

स्टेट: अनअव्हेलेबल.
रीझन: ऑथ फेल्युअर.
डिस्क्रिप्शन: प्रॉक्सीकडे नोंदलेली कोणतीही क्रेडेन्शियल्स (युजरनेम-पासवर्ड) नाहीत, अशा अर्थाचं एक इंग्रजी वाक्य.

सव्वासहा झाले होते. वीस मिनिटं आम्ही हिरव्या ठिपक्यांकडे बघत होतो आणि एका कमांडने सांगून टाकलं होतं की बिघाड नेटवर्कचा नाही, डेटाबेसचा नाही, लोडचाही नाही. रीझनमध्ये दुसरे शब्दही येऊ शकले असते. अनरीचेबल आलं असतं तर सिक्युरिटी ग्रुप, सबनेट, पोर्ट ५४३२ ह्या नेटवर्कच्या सेटिंग्जकडे पळावं लागलं असतं. कनेक्शन फेल्ड आलं असतं तर पोचतोय पण जोडणी होत नाहीये असं समजून डेटाबेसच्या बाजूने बघितलं असतं. पेंडिंग प्रॉक्सी कपॅसिटी आलं असतं तर प्रॉक्सी अजून स्वतःचा आकार वाढवतेय, हात न लावता थांबायचं. म्हणजे हा एक शब्द तुम्हाला कुठल्या खात्याकडे जायचं ते सांगतो आणि बाकीच्या खात्यांतले हेलपाटे वाचवतो.

पण मी लगेच पुढची चूक केली. ऑथ फेल्युअर वाचलं आणि डोक्यात आलं, पासवर्ड. कुणीतरी डेटाबेसचा पासवर्ड बदलला असणार आणि सिक्रेट्स मॅनेजरमध्ये (अ‍ॅमेझॉनची पासवर्ड जपून ठेवायची सेवा, तिथल्या नोंदीला सिक्रेट म्हणतात) जुनाच राहिला असणार. हे असं खूप ठिकाणी होतं त्यामुळे अंदाज वाईट नव्हता. मी सिक्रेट उघडलं, माझ्या लॉगिनने व्यवस्थित दिसलं, युजरनेम आणि पासवर्ड दोन्ही. व्हीपीसीच्या (आमच्या खाजगी नेटवर्कच्या) आतल्या मशीनवर जाऊन त्याच पासवर्डने थेट क्लस्टरच्या पत्त्यावर पीएसक्यूएल ह्या पोस्टग्रेसच्या टूलने लॉगिन केलं, झालं. पासवर्ड बरोबर. मग त्याच मशीनवरून प्रॉक्सीच्या पत्त्यावर केलं, नाही झालं, आणि इथे पहिल्यांदा आमच्या कोडने न गिळलेला खरा एरर डोळ्यांनी दिसला: ह्या रोलसाठी प्रॉक्सीकडे क्रेडेन्शियल्स नाहीत.

इथे दहा मिनिटं गेली. सिक्रेट बरोबर, पासवर्ड बरोबर, प्रॉक्सी म्हणते क्रेडेन्शियल्स नाहीत. तिकडे सचिवांना सांगितलं की वजन आणि फॅट वहीत लिहून घ्या, सॅम्पल लगेच फेकू नका, पावती नंतर देऊ. ते म्हणाले, "वहीत लिव्हतोय ओ, पर लोकांस्नी पावती लागती." बरोबरच आहे त्यांचं, वहीतल्या आकड्यावर शेतकऱ्याचा भरवसा बसायला वेळ लागतो, छापील कागदाने तो वाद मिटवलेला आहे.

मग मी पुन्हा वर गेलो आणि डिस्क्रिप्शनचं ते वाक्य एकेक शब्द करत वाचलं. त्यात पासवर्ड *चुकलाय* असं कुठेच म्हटलेलं नव्हतं. त्यात म्हटलं होतं की क्रेडेन्शियल्स *नाहीत*. चुकीची चावी लावून दार उघडलं नाही हे वेगळं आणि हातात चावीच नाही हे वेगळं. म्हणजे प्रॉक्सी डेटाबेसच्या दारापर्यंत पोचलीच नव्हती, ती आधीच सिक्रेटच्या दारात अडकलेली होती. आणि मला सिक्रेट दिसतंय ह्याचा अर्थ प्रॉक्सीलाही दिसतंय असा होत नाही, कारण मी माझ्या लॉगिनने बघत होतो आणि प्रॉक्सी तिच्या आयएएम रोलने बघते, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या परवानग्यांच्या सेवेत तिला नेमून दिलेल्या ओळखीने. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण घाईत माणूस स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेल्याला पुरावा मानतो.

आता साखळी पकडली. प्रॉक्सीजवाली पहिली कमांड पुन्हा चालवली, पण ह्यावेळी स्थिती बघायला नाही, तर तिच्या आउटपुटमध्ये दोन गोष्टी असतात त्यासाठी: प्रॉक्सी कुठला रोल वापरते, आणि ऑथच्या खाली कुठलं सिक्रेट वाचते. दोन्हींचे पत्ते घेतले. मग सिक्रेट्स मॅनेजरची डिस्क्राइब-सिक्रेट कमांड त्या सिक्रेटवर चालवली. ही कमांड आतला पासवर्ड दाखवत नाही, फक्त सिक्रेटची माहिती दाखवते. त्यात केएमएस की आयडी नावाची ओळ होती (केएमएस म्हणजे कुलूपबंद करायच्या किल्ल्या सांभाळणारी अ‍ॅमेझॉनची सेवा). आणि शेवटचा बदल, आज दुपारी.

ही ओळ तिथे असणं हीच बातमी होती. सिक्रेट अ‍ॅमेझॉनच्या डिफॉल्ट कीने कुलूपबंद असेल तर डिस्क्राइबमध्ये ही ओळ येतच नाही. ओळ आली म्हणजे कुणीतरी स्वतः बनवलेली की लावली, आणि ती आज दुपारी लावली. डिफॉल्ट की असते तेव्हा अकाउंटमधल्या ज्या कुणाला सिक्रेट वाचायची परवानगी आहे त्याला सिक्रेट्स मॅनेजरमार्फत ती की आपोआप वापरता येते, वेगळी परवानगी लागत नाही. स्वतःची की लावली की मात्र सिक्रेट वाचण्याच्या परवानगीबरोबर केएमएस डिक्रिप्टची (त्या कीने कुलूप उघडायची) परवानगीही रोलला वेगळी द्यावी लागते. आमच्या प्रॉक्सीच्या रोलकडे सिक्रेट वाचायची होती, डिक्रिप्टची नव्हती. कधी लागलीच नव्हती.

खात्री दोन बाजूंनी केली कारण आता अंदाजावर अजून दहा मिनिटं घालवायची नव्हती. आयएएमची सिम्युलेट-प्रिन्सिपल-पॉलिसी नावाची कमांड आहे, तिला रोल, कृती आणि कीचा पत्ता दिला की ती काहीही न बदलता सांगते की ह्या रोलला हे करता येईल का. (प्रॉक्सीचा रोल माणसाला घालून बघता येत नाही, तो फक्त आरडीएस सेवेला घेता येतो, म्हणून ही कमांड इथे फार उपयोगाची.) उत्तर: इम्प्लिसिट डिनाय. म्हणजे कुणी मुद्दाम नाकारलेलं नाही, पण कुणी दिलेलंही नाही. दुसरीकडे ज्युनिअरने क्लाउडट्रेलमध्ये (अकाउंटमध्ये कोणी काय मागितलं ह्याची नोंदवही) गेट-सिक्रेट-व्हॅल्यूच्या, म्हणजे सिक्रेट वाचण्याच्या, नोंदी काढल्या. दुपारनंतर ओळीने त्याच रोलच्या नोंदी, प्रत्येकीत नकार, आणि मेसेज केएमएसला प्रवेश नाही. प्रॉक्सी दुपारपासून दार वाजवत होती, आम्ही तिकडे बघत नव्हतो.

सिक्युरिटी बघणाऱ्या मॅडमना फोन केला. त्या लगेच म्हणाल्या, हो, दुपारी जेवणानंतर मीच बदलली, ऑडिटमध्ये सगळी सिक्रेट्स आपल्या स्वतःच्या कीवर आणायची आहेत, टेस्टवर आठवडाभर चालली होती म्हणून आज प्रॉडक्शनला केली. त्यांचं काम योग्यच होतं आणि टेस्टवर चालण्याचं कारणही नंतर सापडलं, टेस्टचा रोल सुरुवातीला कुणीतरी हाताने बनवलेला आणि त्याला केएमएसच्या ढीगभर परवानग्या सढळ हाताने दिलेल्या, त्यामुळे तिथे हे कधी अडणारच नव्हतं. टेस्ट आणि प्रॉडक्शनमध्ये कोड सारखा ठेवायची आपण इतकी काळजी घेतो, रोलच्या परवानग्या सारख्या आहेत का हे कुणी बघत नाही.

मग दुपारी बदललं तर संध्याकाळी का पडलं? हा प्रश्न मला सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो कारण ह्याच उशिरामुळे कारण आणि परिणाम एकमेकांपासून तुटले. प्रॉक्सी प्रत्येक क्वेरीला सिक्रेट वाचत बसत नाही. आणि डेटाबेसशी एकदा जोडलेलं कनेक्शन पुन्हा पासवर्ड विचारत नाही, ते उघडं आहे तोवर चालतं. दुपारी आमच्याकडे वर्दळ जवळजवळ नसते, थोडीफार रिपोर्ट बघणारी मंडळी, त्यांना आधीची उघडी कनेक्शन्स पुरली. सहाच्या सुमारास केंद्रं सुरू झाली, नवीन लॅम्डा उभी राहिली, नवीन लॉगिन मागू लागली, आणि तेव्हा प्रॉक्सीकडे द्यायला काही नव्हतं. ज्या कॉपींकडे जुनं कनेक्शन होतं त्यांच्या पावत्या निघत राहिल्या. निम्मं चालू निम्मं बंद ह्याचा उलगडा हा.

दोन रस्ते होते. की परत डिफॉल्ट करायची, किंवा रोलला डिक्रिप्टची परवानगी द्यायची. पहिला रस्ता म्हणजे चालत्या सिक्रेटला पुन्हा हात लावणं आणि मॅडमचं काम उलटवणं. दुसऱ्यात रोलच्या पॉलिसीत एकच भर. आम्ही दुसरा घेतला: त्याच एका कीसाठी डिक्रिप्ट, आणि अट अशी की मुंबई रीजनच्या सिक्रेट्स मॅनेजरमार्फत येणारी मागणी असेल तरच. कीची स्वतःची पॉलिसीही बघून घेतली, कारण की नाही म्हणाली तर रोलला कितीही द्या उपयोग नाही. तिच्यात अकाउंटच्या आयएएमवर विश्वास ठेवणारी नेहमीची नोंद होती, म्हणजे रोलची बाजू पुरेशी. पॉलिसी सेव्ह केली, सिम्युलेटला ती अटही सोबत देऊन पुन्हा चालवली, ह्यावेळी अलाउड.

आणि मग टार्गेट्सची कमांड दर पंधरा सेकंदांनी चालवत बसलो. क्वेरी ऑप्शनने फक्त एंडपॉइंट, स्टेट, रीझन आणि डिस्क्रिप्शन एवढेच रकाने ठेवले आणि आउटपुट टेबलमध्ये घेतला म्हणजे डोळ्याला त्रास नको. अनअव्हेलेबल. अनअव्हेलेबल. अनअव्हेलेबल. आयएएमचा बदल सगळीकडे पोचायला थोडा वेळ जातो, प्रॉक्सीही तिच्या वेळेनेच पुन्हा सिक्रेट मागणार, हे माहीत असूनही ती मिनिटं फार लांब वाटली. कॉलवर कुणी बोलत नव्हतं. चारेक मिनिटांनी रायटरची ओळ बदलली, अव्हेलेबल. पुढच्या फेरीत रीडरचीही. रीझनचा रकाना रिकामा झाला.

सहा अठ्ठेचाळीसला पावत्या सुरू झाल्या. वहीत लिहिलेल्या नोंदी सचिवांनी रात्री साडेनऊपर्यंत बसून अ‍ॅपमध्ये भरल्या, आणि आम्ही प्रत्येक संस्थेची वहीची बेरीज आणि अ‍ॅपची बेरीज फोनवर ताडून घेतली. दोन ठिकाणी फॅटचा आकडा वेगळा भरला गेला होता, तो त्याच रात्री दुरुस्त केला कारण बिलात आला असता तर शेतकऱ्याला दहा दिवसांनी कळला असता.

नंतर काय काय बदललं ते सांगतो, सगळंच मोठं नाही. डॅशबोर्डचा तो ठिपका आता टार्गेट्सच्या कमांडवर चालतो. गंमत म्हणजे टार्गेट्स बघणारी एक स्क्रिप्ट आमच्याकडे आधीही होती, जुन्या फोल्डरमध्ये सापडली, पण तिच्या क्वेरीत फक्त स्टेट घेतलेलं. ती चालवली असती तरी 'अनअव्हेलेबल' एवढंच कळलं असतं आणि आम्ही सिक्युरिटी ग्रुप तपासत बसलो असतो. आउटपुट आटोपशीर करायच्या नादात रीझन आणि डिस्क्रिप्शन कापू नका, सगळी किंमत त्या दोन रकान्यांची आहे. क्लाउडवॉचमध्ये (अ‍ॅमेझॉनची देखरेखीची सेवा) प्रॉक्सीचं अव्हेलेबिलिटी पर्सेंटेज नावाचं मेट्रिक असतं, त्यावर अलार्म लावला, म्हणजे सचिवांच्या फोनआधी आमचा फोन वाजेल. ऑन-कॉल माणसाच्या रोलला टार्गेट्स बघायची, सिम्युलेट करायची आणि क्लाउडट्रेल वाचायची परवानगी आहे ना हे तपासलं, एकाकडे नव्हती. आणि कुठल्याही सिक्रेटची की बदलायच्या आधी मॅडम आता क्लाउडट्रेलमधून गेल्या ९० दिवसांत ते सिक्रेट कोणी कोणी वाचलं त्याची यादी काढतात आणि यादीतल्या प्रत्येक रोलवर सिम्युलेट चालवतात. ही पद्धत त्यांनीच सुचवली, मला सुचली नव्हती.

तीन आठवड्यांनी क्लस्टरमध्ये आणखी एक रीडर वाढवला, दिवाळीच्या तोंडावर रिपोर्ट जास्त चालतात म्हणून. ह्यावेळी ज्युनिअरने स्वतःच टर्मिनल उघडून ठेवलं होतं. नवीन ओळ आपोआप यादीत आली, आधी रजिस्टरिंग, मग अनअव्हेलेबल. कॉलवर कुणीतरी म्हणालं, काढून पुन्हा टाकूया का. तो म्हणाला, "थांबा, रीझन पेंडिंग प्रॉक्सी कपॅसिटी आहे, प्रॉक्सी मोठी होतेय, तिला हात लावायचा नाही." काही मिनिटांनी ओळ अव्हेलेबल झाली, रोलच्या रकान्यात रीड ओन्ली. त्याने टेबल जसंच्या तसं ग्रुपवर टाकलं आणि संध्याकाळच्या संकलनाला अजून दीड तास बाकी होता.